कारंज्याची बाजारपेठ : काय आले, काय गेले, काय उरले

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा अहवाल असतो, मान्यवरांचे शुभसंदेश असतात, देणगीदारांची नामावली असते. या वेळी संपादक मंडळाने गावाच्या व्यापाराचा इतिहासही असावा असे ठरवले आणि ते काम माझ्याकडे सोपवले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि कापड दुकानाची गादी एवढीच माझी शिदोरी आहे. परंतु ज्या गावाने आपल्याला चार पैसे मिळवू दिले, त्या गावात पैसा कसा आला, कोणत्या वाटेने गेला आणि जाताना मागे काय ठेवून गेला, याचा हिशेब व्यापाऱ्यानेच मांडावा हे योग्य आहे, असे मला वाटते.

हा हिशेब मांडताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. कारंज्याच्या बाजारपेठेचा उत्कर्ष एकदाच झाला आणि मग ऱ्हास झाला, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. गेल्या साडेतीनशे-चारशे वर्षांत इथला बाजार अनेकदा भरला आणि अनेकदा विस्कटला. प्रत्येक वेळी माल बदलला, रस्ता बदलला, गिऱ्हाईक बदलले. टिकले ते फार थोडे. जे टिकले ते कोणी आणि कशासाठी निर्माण केले होते, हे पाहणे आज आवश्यक झाले आहे.

चार वेशींचे गाव

जुन्या कारंज्याला तट होता आणि तटाला चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. ही नावे म्हणजे एका परीने त्या काळचा व्यापारी नकाशाच आहे. जवळच्या पोह्यापासून दूरच्या दिल्लीपर्यंत जिकडे माल जात होता, तिकडची नावे गावाने आपल्या दारांना दिली. गावाच्या नावाची परंपरा करंज ऋषी आणि ऋषी तलावाशी जोडली जाते. ‘लाड’ हे उपपद लाड समाजावरून आले आणि जुन्या कागदांत ‘बीबीचे कारंजे’ असाही उल्लेख येतो. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना हे गाव वंदनीय आहे. आपल्या समाजाच्या दृष्टीने पाहिले, तर सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावात असणे ही सामान्य गोष्ट नाही. भट्टारकांची पीठे येथे स्थिरावली, याचा अर्थ ती सांभाळण्याचे सामर्थ्य असलेला श्रावकवर्ग येथे होता.

त्या सामर्थ्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांतील कस्तुरीची कथा सर्वांना ठाऊक आहे. उंटांवर कस्तुरी लादून कोणी व्यापारी गावोगाव फिरला, एवढा माल घेणारा त्याला कोठेच भेटेना. अखेर कारंज्याच्या एका श्रावकाने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि आपल्या बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात ती मिसळून टाकली. मोबदला दिला तोही म्हणे एकाच सालच्या नाण्यांत. कथेत इतिहास किती आणि अभिमान किती, हे सांगणे कठीण. पण गावाची श्रीमंती लोकांच्या मनात कोणत्या मापाने मोजली जात होती, ते मात्र तिच्यातून कळते.

कथेपलीकडे गेल्यावर इतिहासही तेच सांगतो. १६७० च्या ऑक्टोबरमध्ये सुरतेची दुसरी लूट झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात येऊन कारंज्यावर आल्या. तेव्हा हे मोगलांच्या ताब्यातील एक संपन्न शहर होते. सर जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार सोने, चांदी आणि उंची वस्त्रे मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल व गाढवांवर लादून नेण्यात आला. खंडणीसाठी गावातील धनिकांना सोबत नेले गेले. सर्वांत मोठा सावकार स्त्रीवेष धारण करून निसटला, कारण मराठी फौज स्त्रियांना हात लावत नसे. या नोंदीतील ‘उंची वस्त्रे’ हे शब्द कापडाच्या व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. कारंजा तेव्हा केवळ कापूस पिकवणाऱ्या मुलखातील गाव नव्हते. तयार कापडाची उलाढाल येथे होत होती.

एवढा मोठा आघात झाल्यावर गाव उठले असेल का? या प्रश्नाचे उत्तर एका श्वेतांबर साधूंनी लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शीलविजयजी तीर्थयात्रा करीत दक्षिणेकडे आले आणि आपल्या ‘तीर्थमाला’ या रचनेत त्यांनी कारंज्याचे वर्णन केले. त्यांना येथे धनवान लोक दिसले, दिगंबर मंदिरे दिसली, भट्टारकांचा थाट दिसला. बघेरवाल वंशातील भोज संघवी यांच्या औदार्याची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. लुटीला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. श्वेतांबर मुनींनी दिगंबर श्रावकाच्या दानाची थोरवी गावी, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम आठवण्याजोगी आहे. व्यापाराच्या दृष्टीनेही ती बोलकी आहे. बैलांवर लादून नेता येते ती शिल्लक. पत नेता येत नाही, आणि ज्या गावाची पत शाबूत असते ते पुन्हा उभे राहते.

कापसाचे युग आणि १८८६ चा नियम

पुढचे मोठे स्थित्यंतर इंग्रजी अमदानीत झाले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष वळले. चार वर्षांनी युद्ध संपले तसे भावही उतरले, पण कापसाचे पीक आणि कापसाचे व्यापारी मात्र वऱ्हाडात कायमचे झाले.

याच सुमारास कारंज्याला पहिला अदृश्य धक्का बसला. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला. तो अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा असा उत्तरेकडून गेला आणि कारंजा त्यापासून बाजूला राहिले. शतकानुशतके ज्या वेशींतून माल जात होता, त्या वेशींचे महत्त्व एका रेघेने कमी केले. अकोला आणि अमरावती वाढत गेली. १९०१ च्या जनगणनेत कारंज्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा हजार होती आणि प्रशासनाच्या दृष्टीने एवढे जुने शहर मुर्तिजापूर तालुक्यातील एक गाव होते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी छोटी रेल्वे आली आणि कारंज्याला स्टेशन मिळाले. आपण जिला ‘शकुंतला’ म्हणतो ती हीच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती कापसासाठी चालवली. गाठी मुर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून आगबोटीने विलायतेला, असा तो प्रवास होता. देशातील रेल्वे सरकारी झाल्यावरही हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला, हे त्याचे वैशिष्ट्य. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत होते. गेल्या दशकात गाडी थांबली आणि आता रुळांमध्ये गवत उगवते.

कापसाच्या या युगातील एक घटना आपल्या गावाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात आम्ही ती वाचली होती. भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने, कारंजा येथे स्थापन झाली. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, त्यांच्या वंशावळीचे मूळ आपल्या गावात आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, ती करताना वऱ्हाडचा अनुभव आयोगासमोर होता. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा आहे. म्हणजे कारंज्यातील व्यवस्था त्याच्या ७७ वर्षे आधीची.

सरकारला ही व्यवस्था का करावी लागली, याचा विचार आपण क्वचितच करतो. मँचेस्टरला स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस वाजवी भावात हवा होता, हे त्याचे उघड कारण. परंतु नियमांची गरज भासली ती जुन्या बाजारांतील व्यवहारांमुळे. अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. वजने निरनिराळी असत. मालात ओल आहे, कचरा आहे असे म्हणून कडता कापला जाई. अडत, हमाली, मापाई वेगळी. त्याशिवाय शेतकऱ्याच्या पट्टीतून ‘धर्मादाय’ म्हणून काही रक्कम वजा होई. ती गोरक्षण, पांजरपोळ, मंदिर अशा कामांकडे जाई. काम पुण्याचे, पण पैसा ज्याचा त्याला विचारले जात नसे आणि पाटीवर नाव मात्र व्यापाऱ्याचे लागे.

हे लिहिताना संकोच वाटतो, पण स्मरणिकेत केवळ गौरवच लिहायचा तर इतिहास हा शब्द वापरू नये. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार आपल्या शास्त्रकारांनी सांगितले, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे चांगल्यात हलके मिसळून विकणे, हे दोन्ही स्पष्ट नोंदवलेले आहेत. पाठशाळेतील मुलांनाही ते पाठ असतात. रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ मध्ये जे बाजाराला सांगितले, ते धर्माने दुकानदाराला कित्येक शतके आधीच सांगितले होते. तरीही बाहेरच्या सत्तेला नियम करावा लागला. सुरुवातीच्या बाजार समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले, हेही खरे. पण भाव उघड बोलला जावा, माप एक असावे आणि वजावट ठरलेलीच असावी, ही तत्त्वे एकदा रुजली ती कायमची. त्यामुळे कारंज्याच्या बाजाराची पत वाढली आणि दूरदूरच्या गावांतून कापसाच्या बंड्या येथे येऊ लागल्या. नियमाने व्यापार बुडतो अशी तक्रार प्रत्येक पिढीतील व्यापारी करतो. कारंज्याचा अनुभव उलट आहे.

संपत्तीचे रूपांतर

जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्यांच्या त्या काळात मिळालेल्या पैशाचे काय झाले? बराचसा पैसा हवेल्यांत, दागिन्यांत, लग्नकार्यात आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत गेला. याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही आणि ठेवण्याचे कारणही नाही. थोडा पैसा मात्र वेगळ्या वाटेने गेला, आणि कारंज्याचे नाव आज जगातील विद्वानांना ठाऊक आहे ते त्या थोड्या पैशामुळे.

आपल्या मंदिरांतील ग्रंथभांडारे शतकानुशतके बंदिस्त होती. भट्टारकांनी आणि श्रावकांनी हस्तलिखिते लिहवून घेतली, कापडी बासनांत बांधली, वाळवीपासून जपली. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद आली आणि अभ्यासकांचे डोळे दिपले. नंतर अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे प्रा. हिरालाल जैन यांनी या ग्रंथांच्या संपादनाला वाहून घेतले. नामसाम्यामुळे दोघांत पुष्कळदा गल्लत होते, म्हणून हा खुलासा. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला कारंज्यातच सुरू झाली, ती येथील चवरे घराण्याच्या दानातून. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये निघाले. पाठोपाठ १९३२ मध्ये ‘सावयधम्मदोहा’, १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ व ‘पाहुडदोहा’ आणि १९३४ मध्ये कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ ही पुस्तके प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आली.

पुष्पदंत हा दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत राहिलेला महाकवी. त्याची भाषा अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आपल्या आजच्या मराठी, गुजराती, हिंदी यांच्यामधला दुवा. हजार वर्षांपूर्वीचा हा दुवा विद्वानांच्या हाती यावा यासाठी कारंज्याच्या बासनांची गाठ सुटावी लागली. अमेरिकन युद्धाच्या तेजीत कोणी किती कमावले, हे आज कोणाला सांगता येणार नाही. छापखान्याचे बिल भरणाऱ्याचे नाव मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कायम आहे.

दुसरे उदाहरण गुरुकुलाचे. १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढचे पूज्य मुनिश्री समंतभद्र महाराज, यांनी कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. धर्मशिक्षण आणि लौकिक शिक्षण एकाच छताखाली देण्याचा हा प्रयोग होता. त्याच परंपरेतून पुढे १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे आणि अन्यत्र गुरुकुले उभी राहिली. महाराज मूळचे सोलापूर जिल्ह्यातील. त्यांनी पहिले रोप लावण्यासाठी वऱ्हाडातील हे गाव निवडले, ते येथील श्रावकांचा भरवसा वाटला म्हणून. कापूस विकून आलेला पैसा अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या ताटात आणि पाटीवर गेला. त्या विद्यार्थ्यांना कापसाच्या मंदीने धक्का लागला नाही.

एकाधिकार, चुकारा आणि कापडाचे दुकान

माझ्या पिढीने पाहिलेला काळ १९७२ पासून सुरू होतो. त्या वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याने कच्चा कापूस घ्यायचा नाही. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळाला, हे योजनेचे श्रेय. त्याचबरोबर पिढ्यान्पिढ्या कापसात असलेली अडत दुकाने बंद झाली. कोणी किराण्यात शिरले, कोणी बियाणे-खतांत, तर कोणी अकोला, अमरावती, नागपूर गाठले. जिन भाड्याने चालू लागले आणि काही पुढे पत्र्यासकट विकले गेले. कारंज्यातील कित्येक घरांचे स्थलांतर त्या काळात झाले. आज पुण्यात आणि नागपुरात राहणाऱ्या आपल्या बांधवांपैकी पुष्कळांच्या वाटचालीचा आरंभ येथे आहे.

आमच्या कापड बाजाराचे गणित या सर्वांवर अवलंबून होते. खरिपाच्या पेरणीपासून दिवाळीपर्यंत उधारी, आणि कापूस विकला की वसुली. ‘कापूस इकला की पैसे आणून देतो, भाऊ’ हे वाक्य आमच्यासाठी हुंडीसारखे होते. चुकारा वेळेवर आला की लग्नसराईत बस्ते भराभर बांधले जात. चुकारा रखडला की नवरीच्या शालूऐवजी साधी साडी जाई आणि वरमायांची पातळे पुढच्या वर्षावर ढकलली जात. सरकारी कार्यालयातील धनादेशाचा विलंब आम्ही गादीवर बसून कापडाच्या ताग्यांवरून ओळखत असू.

ताग्यांवरची नावेही बदलत गेली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अकोला, अचलपूर या गावांतही गिरण्या होत्या. म्हणजे एके काळी वऱ्हाड-विदर्भाचा कापूस येथेच कातला-विणला जाऊन धोतरजोडी आणि मांजरपाट होऊन आमच्या दुकानात परत येई. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या मिलच्या मालाची सद्दी संपली. विदर्भातील गिरण्याही आगेमागे थंडावल्या. त्यांची जागा इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांनी आणि सुरतेच्या साड्यांनी घेतली. सुती लुगडे जाऊन कृत्रिम धाग्याची साडी आली, शिंप्याकडची रांग कमी होऊन तयार कपडे आले. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापूस राहिला नाही, ही या काळाची मोठी विसंगती आहे.

शेतातही बदल झाला. नव्वदीच्या दशकापासून सोयाबीन पसरत गेले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येते आणि दसरा-दिवाळीला पैसा दिसतो, म्हणून शेतकऱ्याने ते स्वीकारले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला आणि कारंज्याचे सरकारी काम अकोल्याऐवजी वाशिमला जाऊ लागले. नव्या शतकाच्या आरंभी कापसाचा एकाधिकार सैल होऊन खासगी खरेदी परतली, पण तोवर जुने जाणकार अडते उरले नव्हते. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशभर चर्चिल्या जाऊ लागल्या. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिम होता. गावातील दुकानांची रोषणाई वाढत असताना ज्याच्या जिवावर बाजार उभा आहे तो माणूस खचत होता, हे आपण विसरता कामा नये.

रस्ता पुन्हा बदलला आहे

आता आणखी एक स्थित्यंतर चालू आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला. १८६७ च्या रेल्वेने कारंज्याला बाजूला टाकले होते, या मार्गाने मात्र कारंज्याला स्वतःचे प्रवेशद्वार दिले आहे. त्याला हवे तर पाचवी वेस म्हणावे. जमिनीचे भाव वाढले, नवे ले-आउट पडले, वाहनांची आणि यंत्रांची विक्रीदालने उभी राहिली.

परंतु वेशीतून माल जसा बाहेर जातो तसे गिऱ्हाईकही जाते. लग्नाचा बस्ता घेण्यासाठी सकाळी नागपूरला जाऊन रात्री परत येणे आता सहज शक्य आहे. जे जात नाहीत ते मोबाइलवर मागवतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १९५७ पासून विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क गिरणीच्या दारातच भरले जाई, त्यामुळे कापड दुकानदाराला कराच्या हिशेबाची सवय नव्हती. लहान दुकानदाराला हा बदल जड गेला. २०२० च्या टाळेबंदीत एक संपूर्ण लग्नसराई बुडाली. यांपैकी प्रत्येक कारण तात्पुरते वाटले, पण एकत्रित परिणाम असा की दुकान सांभाळणारा मुलगा सापडणे कठीण झाले आहे. मुले अभियंता होतात, सनदी लेखापाल होतात, पुण्या-बंगळुरास जातात. त्यात गैर काही नाही. आपले पूर्वजही राजस्थान-गुजरातेतून असेच चांगल्या बाजाराच्या शोधात येथे आले होते.

खंत वेगळीच आहे. जुने वाडे पाडून संकुले उभी राहत आहेत. वाडा पाडताना माळ्यावरून तांबड्या कापडी बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे निघतात. रोजमेळ, खतावणी, नावे-जमा. कोणत्या मोडीत, कोणत्या महाजनीत, कोणत्या गुजरातीत. पहिल्या पानावर श्रीकार, गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण, वीर निर्वाण संवत, आणि मग दिवाळी ते दिवाळी वर्षभराचा हिशेब. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचे वर्ष एप्रिल ते मार्च झाले आणि वहीपूजन केवळ विधी म्हणून उरले. नंतर संगणक आला. नव्या पिढीला या वह्या वाचता येत नाहीत, म्हणून त्या रद्दीच्या भावाने जातात.

या वह्यांत काय असते, याचा विचार करावा. कोणत्या साली कापूस काय भावाने गेला, बलुतेदाराला काय मिळाले, कोणत्या गावच्या शेतकऱ्याने लग्नासाठी किती उचल घेतली आणि किती वर्षांत फेडली, दुष्काळात कोणाचे व्याज सोडले, कोणाचे शेत लिहून घेतले, धर्मादाय खात्यात किती जमा झाले आणि ते कोठे खर्च पडले. आपल्या पूर्वजांचे पुण्य आणि त्यांच्या हातून झालेला अन्याय, दोन्ही त्याच शाईत लिहिलेले आहे. सरकारी गॅझेटियर साहेबाच्या नजरेने लिहिले गेले. गावाने स्वतःच्या हाताने लिहिलेला इतिहास फक्त या वह्यांत आहे.

आपल्या पूर्वजांनी बासनांत बांधलेल्या पोथ्या त्यांना स्वतःला सर्वच्या सर्व वाचता येत होत्या असे नाही. तरीही त्यांनी त्या जपल्या, आणि शतकांनंतर त्या वाचणारा विद्वान आला. वह्यांच्या बाबतीत तेवढाच विवेक आपण दाखवला पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टच्या विश्वस्त मंडळापुढे आणि समाजबांधवांपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, ट्रस्टच्या वास्तूत एक कोरडी, वाळवीमुक्त खोली जुन्या वह्या, हुंड्या, बाजारपट्ट्या आणि पत्रव्यवहारासाठी राखून ठेवावी. दुसरी, मोडी व महाजनी लिपीचे वर्ग दिवाळीच्या सुटीत पाठशाळेला जोडून चालवावेत. लिपी वाचू शकणारी वृद्ध मंडळी अद्याप आपल्यात आहेत, तोवरच हे शक्य आहे. तिसरी, ज्या घरांचे वाडे पडणार आहेत त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ट्रस्टला निरोप द्यावा. परगावी गेलेल्या बांधवांनी देणगीबरोबर आपल्या घराच्या वह्याही पाठवाव्यात. ज्या नोंदींमुळे कोणत्याही घराण्याला कमीपणा येईल असे वाटते, त्या काही ठरावीक वर्षांपर्यंत मोहोरबंद ठेवता येतील. पण नष्ट करू नयेत.

पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यात मोठा टप्पा आहे, कारंज्याच्या आयुष्यात मात्र तो लहान आहे. या गावातून लक्ष्मी अनेकदा गेली आणि अनेकदा परतली. ती पुन्हा कोणत्या वेशीने येईल, हे कोणाला सांगता येणार नाही. ती येईल तेव्हा माप एक असावे, भाव उघड असावा, आणि तिचा काही भाग ग्रंथासाठी, विद्यार्थ्यासाठी व गावाच्या स्मृतीसाठी बाजूला निघावा, एवढी तजवीज आपल्या हाती आहे. तेवढी केली, तर शंभराव्या वर्षीची स्मरणिका लिहिणाऱ्याला आपल्या काळाचा हिशेब अंदाजाने मांडावा लागणार नाही. तो त्याला वहीत लिहिलेला सापडेल.

जय जिनेंद्र.